सुलतानगड ते गाविलगड

कपाशीचा दुसरा वेचा आटोपून गाड्या जिनांच्या आवारात उभ्या राहू लागल्या, दिवेलागणीनंतर ओसरीवर बसणे गारठ्यामुळे अशक्य झाले आणि शेतकरी, वकील, शिक्षक, कारकून अशा सर्वांनाच दिवसाची दगदग थोडी लौकर आवरती घेता येऊ लागली, म्हणजे वऱ्हाडात वाचनाचा खरा मोसम सुरू होतो, असे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. या मोसमात माझ्या मेजावर ऐतिहासिक कादंबरी नाही, असे गेल्या पन्नास वर्षांत क्वचितच घडले असेल. यंदाही हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' पुन्हा एकदा निम्मी वाचून झाली आहे, तिच्याशेजारी यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' उघडा पडला आहे, आणि ना. सं. इनामदारांची 'झुंज' व हरिभाऊंचीच 'वज्राघात' या दोन कादंबऱ्या आपली पाळी येण्याची वाट पाहत फळीवर उभ्या आहेत. ही निवड लहरीने झालेली नाही. तिच्यामागे या मुलखाचा, येथील वाचकांच्या तीन-चार पिढ्यांचा आणि काही अंशी माझ्या मनातील एका जुन्या रुखरुखीचा इतिहास आहे.

'उषःकाल'ची ही प्रत आजोबांची. आजोबा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात मुनीम होते. पुस्तकाचा मूळ पुठ्ठा केव्हाच निखळून गेला, आणि त्याच्या जागी रुईच्या गाठींना घालावयाच्या तरटाचा एक तुकडा खळीने चिकटवून त्यांनी स्वतःच्या हाताने नवी पाठ बांधली. ती आजही सुटलेली नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, छापील मजकुराखाली उरलेल्या कोऱ्या जागेत, ते प्रकरण ज्या रात्री वाचून संपले ती तिथी बारीक मोडी अक्षरात टिपलेली आहे, आणि काही ठिकाणी तिथीपुढे त्या दिवशीचा कापसाच्या खंडीचा भावही आहे. एका पानावर तिथीऐवजी एवढेच शब्द आहेत : 'वाचन बंद. गावात प्लेग.' त्यापुढील प्रकरणाची तिथी जवळजवळ अडीच महिन्यांनंतरची आहे.

हे वाचन एकट्याचे नव्हते. आजोबा मोठ्याने वाचीत आणि ओसरीवर शेजारपाजारची दहा-पंधरा माणसे ऐकावयास बसत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण रंगराव अप्पा हा विजापूरच्या बादशहाच्या मिठाला जागणारा सुलतानगडाचा किल्लेदार आणि स्वराज्याच्या बाजूला ओढला जाणारा त्याचा पुत्र नानासाहेब, ही दोन माणसे तिला आपल्या भाऊबंदांइतकी परिचयाची होती. वाचन मध्येच थांबवून कोणी जमाबंदीच्या किंवा बाजाराच्या गोष्टी काढल्या की आतल्या दाराशी बसलेली ती म्हणे, "भाव मंग सांगजा, नानासाहेबाचं काय झालं थे सांगा पयले!" सुलतानगड हा काही खरा किल्ला नव्हे, तो हरिभाऊंच्या कल्पनेने उभारला. परंतु त्याची तटबंदी, त्याची भुयारे आणि त्याचे दरवाजे यांची आजीला जेवढी ओळख होती, तेवढी उत्तरेच्या क्षितिजावर स्वच्छ दिवशी निळसर दिसणाऱ्या मेळघाटच्या डोंगरांतील गाविलगडाची नव्हती. माझी रुखरुख हीच. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

कादंबरी अशी मोठ्याने वाचण्याची चाल आली कोठून, याचे उत्तर सोपे आहे. चातुर्मासात श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ घरोघरी लावले जात, आणि त्या श्रवणाने तयार झालेल्या कानांना रोज एक भाग ऐकावयाचा, तो मनात घोळवीत झोपी जावयाचे आणि दुसऱ्या रात्री पुढील भागासाठी पुन्हा जमावयाचे, ही शिस्त आपोआप लागलेली होती. आमच्या घरी कादंबरीच्या प्रकरणालाही 'अध्याय' म्हणत. कार्तिकी एकादशीनंतर पोथी गुंडाळली जाई आणि तिच्याच चौरंगावर कादंबरी येई. त्याहून मागे गेले, तर याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरी तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभावांनी आपल्या गुरूंच्या आठवणी, कोणत्या गावी, कोणत्या झाडाखाली, कोणाशी काय बोलणे झाले अशा तपशिलासह गोळा केल्या, आणि म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ने मराठी गद्याचा पाया घातला. त्या लीळा ऐतिहासिक कादंबरी नव्हेत, हे उघड आहे. परंतु गेलेला माणूस त्याच्या बोलण्यासकट आणि स्थळासकट पुन्हा उभा करावा, ही वृत्ती या मातीत सातशे वर्षांपूर्वी रुजलेली होती, असे म्हणण्यास हरकत दिसत नाही.

मराठीत पहिल्या ऐतिहासिक कादंबरीचा मान रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगड' या कृतीकडे जातो. ती १८७१ च्या सुमारास 'विविधज्ञानविस्तारा'तून प्रसिद्ध होऊ लागली. त्या काळी वऱ्हाड दूर नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला सोन्याचे मोल आणले होते, आणि १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या ठाण्यांवरून गेला होता. ज्या गाडीने रुईच्या गाठी मुंबईस जात, तिच्याच परतीच्या फेरीने पुण्या-मुंबईची मासिके, साप्ताहिके आणि व्ही. पी. ने मागविलेली पुस्तके येत. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' सुरू केले आणि १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' त्यातून क्रमशः निघाली. याच १८९७ साली अमरावतीस सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखा टिळकांचा स्नेही त्या नगरीत लोकमत घडवीत होता. शिवाजीचे नाव घेणे ही तेव्हा केवळ स्मरणाची बाब राहिली नव्हती. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या हवाली झालेले, नावाने निजामाचे आणि अंमलाने कंपनीचे व पुढे राणी सरकारचे. त्याआधी कित्येक वर्षे निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत भरडलेले. येथील देशमुख-देशपांडे घराण्यांच्या दप्तरांत चार-चार सत्तांच्या सनदा एकाच बासनात बांधलेल्या असत. अशा प्रांतातील वाचकाला रंगराव अप्पाचा पेच समजावून सांगावा लागत नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या घरचा होता.

या प्रांताशी हरिभाऊंचा आणखी एक संबंध आहे, आणि तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतील इंग्रज अंमलदार कादंबरीकार म्हणून सर्वांस ठाऊक आहे. अफझलखानाच्या स्वारीचा काळ रंगविणारी त्याची 'तारा' १८६३ साली प्रसिद्ध झाली. परंतु १८५७ च्या ऐन धामधुमीत याच टेलरची नेमणूक वऱ्हाडात बुलढाणा जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर म्हणून झाली होती आणि जवळ पुरेशी फौज नसताना त्याला तो जिल्हा सांभाळावा लागला होता, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. त्याने १८४० साली लिहिलेल्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारेच हरिभाऊंनी आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी, 'म्हैसूरचा वाघ', लिहावयास घेतली. परकीय अंमलदाराच्या नजरेतून आलेला इतिहास हातात घेऊन हरिभाऊंनी लेखणी घडविली, आणि पुढे अवघ्या चार-पाच वर्षांत 'उषःकाल'मध्ये ती इतकी स्वतःची करून दाखविली की टेलरचा मागमूसही उरला नाही.

आणि १९१२ साली हेच हरिभाऊ मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून अकोल्यास आले. वऱ्हाडचा राज्यकारभार १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला, जिल्ह्यांची फेरवाटणी होऊन सहांचे चार झालेले, आणि मराठीचे केंद्र तर पुणे-मुंबईकडे. अशा स्थितीत, पुण्यास व बडोद्यास भरलेल्या संमेलनांनंतर ते अकोल्यास भरावे, ही गोष्ट लहान नव्हती. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात आयुष्य वेचलेले विष्णु मोरेश्वर महाजनी हे १९०७ च्या पुणे येथील संमेलनाचे अध्यक्ष झालेले होतेच; तेव्हा वऱ्हाडचे नाव त्या मांडवात अपरिचित नव्हते. आजोबा ऐन विशीत त्या संमेलनाला गेले होते. अध्यक्षांचे भाषण त्यांनी कधी उद्धृत केले नाही. पण नानासाहेबाला ज्याने घडविले तो माणूस आपण डोळ्यांनी पाहिला, ही एक गोष्ट ते अखेरपर्यंत सांगत, आणि ती सांगताना हात जोडीत.

हरिभाऊंच्या पाठोपाठ नाथमाधव आले. सिंहगडावर शिकारीस गेले असता कड्यावरून पडून अधू झालेल्या या गृहस्थाने अंथरुणावर वाचता वाचता लेखनास हात घातला आणि 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून सुरू होणारी स्वराज्याची संपूर्ण मालिका मराठी वाचकाला दिली. वऱ्हाडातील लहान गावांच्या वाचनालयांत नाथमाधवांइतके हाताळलेले, पाने सुटलेले आणि पुन्हा पुन्हा बांधलेले लेखक मी दुसरे पाहिले नाहीत. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांना हरिभाऊंच्या खाली बसविले आहे, आणि तो निवाडा मला मान्य आहे. परंतु सामान्य माणसाच्या हाती इतिहासाचा पहिला धागा नाथमाधवांनीच दिला, हेही त्याच निवाड्यात नमूद झाले पाहिजे. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांनी 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि १९२७ साली 'रणदुंदुभि' रंगभूमीवर आणून तीच तृष्णा नाटकाच्या द्वारे भागविली.

स्वातंत्र्यानंतरच्या लाटेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ती अजून ओसरलेली नाही. १९६२ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' आली आणि १९६८ साली 'श्रीमान योगी', जिच्या आरंभी नरहर कुरुंदकरांचे ते प्रदीर्घ विवेचन आहे. ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या प्रत्येकाने ते कादंबरी वाचून झाल्यावर पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. कारण कागद काय सांगतो आणि कल्पना काय सांगते, यांच्यातील सीमारेषा इतक्या प्रामाणिकपणे तपासणारे लेखन मराठीत विरळ आहे. इनामदारांची 'झेप', 'झुंज', 'मंत्रावेगळा', 'राऊ', 'शहेनशाह' ही ग्रंथपंक्ती, शिवाजी सावंतांची 'छावा', १९८८ ची विश्वास पाटलांची 'पानिपत' ही सर्व अकोल्याच्या आणि अमरावतीच्या वाचनालयांत महिनोन्महिने नंबर लावून वाचली गेली. 'छावा'साठी मी तीन महिने थांबलो होतो. पुस्तक हाती आले तेव्हा देवघेवीच्या चिठ्ठीवर शिक्के मारावयास जागा उरली नव्हती, म्हणून ग्रंथपालांनी दुसरी चिठ्ठी खाली चिकटविली होती.

पण ज्याच्यापाशी अधिक काळ थांबावेसे वाटते, तो लेखक आमच्याच मातीत जन्मला. गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्यास झाला, म्हणजे गाविलगडाच्या अगदी पायथ्याच्या प्रदेशात. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून निघालेला हा मुलगा पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिला, भारतभर पायी हिंडला, आणि अखेर सह्याद्रीच्या गडांवर त्याचे मन जडले. 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा' या पाच कादंबऱ्यांतून त्यांनी शिवकाल उभा केला. राजे-सरदारांच्या महालांपेक्षा मावळातील कुळवाड्याच्या, कोळ्याच्या, गडावरील पहारेकऱ्याच्या झोपडीतून तो काळ पाहिला, आणि माझ्या मते हेच त्यांचे हरिभाऊंहून निराळे व मोठे कर्तृत्व आहे. १९८१ साली अकोल्यास दुसऱ्यांदा साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी गोनीदा होते. एकुणसत्तर वर्षांच्या अंतराने एकाच गावात दोन संमेलने भरावीत, आणि दोन्ही वेळा अध्यक्ष शिवकालाचा कादंबरीकार असावा, हा योगायोग खरा. पण वऱ्हाडच्या वाचकाची आवड ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यात नवल वाटणार नाही. आजोबा तोवर राहिले नव्हते. मी गेलो होतो.

गोनीदा राजगडावर राहिले, रायगडावर राहिले, त्यांच्या वाटा त्यांनी पायांनी मोजल्या आणि त्या लेखणीने अमर केल्या. त्यात न्यूनाधिक शोधण्याचा अधिकार कोणाला नाही. लेखकाचे मन जेथे जडते तेथेच त्याची कृती जन्मते. तरीही परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाने वर जाताना प्रत्येक वेळी माझ्या मनात येते, की या माणसाने आपल्या जन्मगावाच्या माथ्यावरील या गडासाठी एक कादंबरी लिहिली असती, तर वऱ्हाडच्या मुलांना सुलतानगडाइतकाच गाविलगडही पाठ झाला असता.

गवळ्यांच्या जुन्या वस्तीवरून नाव पडलेला हा गड बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला असे सांगतात. बहामनी राज्य फुटल्यावर वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना करणाऱ्या फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्काने त्याची मोठी दुरुस्ती केली. फिरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण मुलगा, लढाईत कैद होऊन मुसलमान झालेला. गडाच्या दिल्ली दरवाज्यापाशी उभे राहून मान वर करून पाहावे : कमानीच्या बाजूंना वाघ आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेले आहेत. सकाळी उन्हाची तिरीप त्या दगडावर पडली की पक्ष्याच्या दोन्ही चोची वेगवेगळ्या दिसतात, दुपारी त्या दगडात विरून जातात. गंडभेरुंड हे विजयनगरच्या राजांचे चिन्ह. ज्या मुलाला लहानपणी तेथून ओढून आणले, त्याच्या घराण्याच्या गडावर ते चिन्ह कोरले जावे, एवढ्या एका दगडावर एक संपूर्ण कादंबरी उभी राहू शकते. आणि याच कारणाने 'वज्राघात' मी पुढच्या वाचनासाठी निवडली आहे. विजयनगरच्या विध्वंसाची आणि रामराजाच्या अंताची ती कथा हरिभाऊंनी अकोल्याच्या संमेलनानंतर लौकरच लिहावयास घेतली. १५६५ साली विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बेदर या चार शाह्या विजयनगरावर चालून गेल्या. पाचवी वऱ्हाडची इमादशाही त्यांच्यात नव्हती. त्या अलिप्ततेची कारणे राजकीय होती, हे मी जाणतो. तरी तो दरवाजा पाहून आल्यावर 'वज्राघात' निराळ्या मनाने वाचली जाते.

मग १८०३. त्या एका सालातील शेवटचे बत्तीस दिवस वऱ्हाडच्या भूमीवर असे काही घडवून गेले, की त्यांचा परिणाम सबंध हिंदुस्थानास भोगावा लागला. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेस अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. मराठ्यांच्या तोफखान्याने आरंभी असा मारा केला होता, की दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत पाय न हलविलेल्या कंपनीच्या पलटणी येथे मोडून मागे पळाल्या आणि वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत आणावे लागले. तेथून पराभूत फौजेचा भाग गाविलगडावर गेला. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी मेळघाटच्या दऱ्याखोऱ्यांतून स्वतः वाट फोडीत अवजड तोफा गडाच्या उत्तर बाजूस, लबाडा गावाकडे, ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्ला झाला. आतल्या गडाचा तट शाबूत होता. त्याला शिड्या लावून स्कॉच पलटणीचे शिपाई आत उतरले आणि त्यांनी दरवाजा उघडला. बेनीसिंग हा सरदार आणि त्याचे रजपूत साथीदार दरवाज्यापाशी प्रेतांच्या राशीत सापडले. आपल्या स्त्रिया शत्रूच्या हाती लागू नयेत असा बेत त्यांनी केला होता, पण तो पुरता तडीस गेला नव्हता. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, गडाच्या दक्षिणेस देवगावी भोसल्यांशी तह झाला, आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी. दोन्ही ठिकाणे गडाच्या छायेतली.

अंजनगाव हे माझे आजोळ. पानमळ्यांच्या त्या गावी माझे बालपणीचे कितीतरी उन्हाळे गेले. पण ज्या तहाने शिंद्यांचे उत्तरेतील वर्चस्व संपविले त्याचे नाव आपल्या गावावरून पडले आहे, हे मला तेथे कोणी सांगितले नाही. ते मी अकोल्यास, काळ्यांच्या पुस्तकात वाचले. १९२४ साली प्रसिद्ध झालेला 'वऱ्हाडचा इतिहास' आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेला 'नागपूरकर भोसल्यांचा इतिहास' हे दोन ग्रंथ बुलढाण्याच्या या व्यासंगी गृहस्थाने लिहिले नसते, तर आम्ही अजूनही सुलतानगडातच नांदत राहिलो असतो.

या गडावर कादंबरी लिहिली गेलीच नाही, असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने आपल्या शार्प नावाच्या सैनिक नायकाच्या मालिकेत 'शार्प्स फोर्ट्रेस' ही कादंबरी गाविलगडच्या वेढ्यावर रचली. ती मी वाचली आहे. लढाईचे वर्णन विलक्षण आहे, भूमीची जाण चांगली आहे, आणि मालिकेच्या स्वभावाप्रमाणे गडावर चढणारा माणूस हाच तिचा नायक आहे. तटाच्या आत उभा असलेला शिपाई, त्याच्या घरची माणसे, खाली मैदानात ज्याची ज्वारी दोन्ही फौजांच्या घोड्यांनी खाल्ली तो कुणबी, तोफा ओढण्यास धरून नेलेले बैल ज्याचे होते तो गाडीवान, यांची कथा इंग्रज लेखकाने सांगावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. ते काम आमचे होते.

परक्याने वऱ्हाडची कथा सांगावी, ही परंपरा मात्र जुनी आहे. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' हे त्याच्या काळी पाच-सहाशे वर्षे जुन्या झालेल्या शुंग राजवटीवरील नाटक. म्हणजे आजच्या भाषेत ऐतिहासिकच. त्याची नायिका विदर्भाची राजकन्या आहे, आणि त्यात विदर्भ राज्याची वाटणी दोन भावांत वरदा नदी सीमा धरून होते. ती वरदा म्हणजे आपली वर्धा, जी अमरावती जिल्ह्याची पूर्वसीमा आजही आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाचा अनंतवर्मा राजा वृद्ध मंत्र्याचा उपदेश झिडकारून, तोंडपूज्या सोबत्याच्या नादी लागून राज्य घालवितो. त्या आख्यानात वाकाटकांच्या अंताचे प्रतिबिंब आहे, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. त्याच वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, अकाली वैधव्य आल्यावर लहान मुलांच्या वतीने राज्य चालविणारी. तिचा एक ताम्रपट रिद्धपूरचा आहे. 'लीळाचरित्रा'चे रिद्धपूर आणि प्रभावतीच्या ताम्रपटाचे रिद्धपूर एकच. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे.

माझी पुढील वाचनाची यादी या विचाराने आखलेली आहे. 'उषःकाल' संपली की 'वज्राघात'. तिच्यानंतर 'झुंज', कारण १८०३ च्या त्या लढ्यात यशवंतराव होळकर सामील झाले नाहीत आणि पुढल्याच वर्षी इंग्रजांशी एकाकी लढले, आणि अडगाव-गाविलगडचा आघात ज्याच्या मनात ताजा आहे, त्यालाच त्या एकाकीपणाची किंमत कळते. मग गोनीदांची 'बया दार उघड', आणि ती सिंदखेडराजास एकदा जाऊन आल्यावर. १६२९ साली लखुजी जाधवराव आपल्या मुलांसह दौलताबादेस मारले गेले, आणि जिजाऊंचे माहेर असलेल्या त्या वाड्याच्या ओट्यावर बसले म्हणजे त्या कादंबरीतील काळोख निराळाच भासतो. प्रत्येक कादंबरीबरोबर काळ्यांचे पुस्तक उघडे ठेवावयाचे, हा माझा जुना परिपाठ आहे. कादंबरीने मन पेटावे आणि इतिहासाने ते ताळ्यावर ठेवावे, दोन्ही एकाच बैठकीत.

अमरावती-अकोल्याकडे आज लिहिणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. वऱ्हाडी बोली ती सहज लिहितात, जी आमच्या पिढीने छापण्यास संकोच केला. त्यांच्यापैकी कोणा एकाने गाविलगड लिहावयास घ्यावा. वेलस्लीची पत्रे छापलेली आहेत, भोसल्यांचा इतिहास काळ्यांनी लिहून ठेवला आहे, बालापूरचे, अचलपूरचे, अडगावचे रस्ते मोटारीने एका दिवसात पाहून होतात. काळे वाचून काढावेत, मग लबाड्याच्या अंगाने, ज्या बाजूने तोफा चढल्या त्या बाजूने, डिसेंबरात गड चढावा, दिल्ली दरवाज्याखाली सकाळी नऊपर्यंत बसून राहावे, आणि परत येऊन पहिले प्रकरण लिहून काढावे. ते तटाच्या आतून लिहावे. लिहून झाले की हस्तलिखित माझ्याकडे धाडावे; मी ते आजोबांच्या चौरंगावर ठेवून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवीन आणि शेवटी तिथी टिपून ठेवीन.